छापील नेम आणि पाठीवरचं जाळं

आमच्या वाड्यावर सध्या भात सोडण्याची साथ आली आहे. एकीने साखर वाढली म्हणून सोडला, दुसरीने वजन वाढलं म्हणून. गेल्या महिन्यात त्यातली एक, माझ्याहून लहान, विहिरीवर कळशी भरताना सारखी खांदा काठड्याला घासत होती. पोलक्याबाहेर तिच्या पाठीचं बोटभर कातडं दिसत होतं. तेवढं मला पुरलं.

"भात सगळाच सोडलास? भाकरी, पाव, गूळसुद्धा?"

"सगळं. तुला कसं कळलं?"

कसं कळलं ते सांगायला लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोवा राज्य झालं त्याच्या आधीच्या चार-पाच महिन्यांत माझ्या पाठीवर जे झालं, तेवढंच मला ठाऊक आहे. ते दिवस आठवले की अजून खाज येते, आणि खरं सांगायचं तर ते दिवस परत यावेत असंही वाटतं.

पत्रकांचं घर

माझे वडील पेडणे तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेचे मास्तर. आमच्या घरात दागिन्यांची पेटी नव्हती, पत्रकांची ट्रंक होती. गोवा महाराष्ट्रात जावा की नको, या जनमत कौलाच्या वेळची गुलाबी, पिवळी, पोपटी कागदांची चळत, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. बाबांची बाजू त्या कौलात हरली होती. पण पत्रकं त्यांनी जपली. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, त्या पत्रकांवर शिकले. 'आई', 'घर' हे शब्द वाचता येण्याआधी मला 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचता येत होतं.

बाबा म्हणायचे, "तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. छापलेला शब्द माणसाला धरून ठेवतो." हे वाक्य मी लहानपणी गिळलं आणि ते पुढे मला चांगलंच बाधलं.

एकविसाव्या वर्षी मी पेडण्याच्या बाजारातल्या एका छोट्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला लागले. मालक विठूमाम. नात्याने मामा नव्हे, पण अख्खा बाजार त्यांना माम म्हणायचा. लग्नपत्रिका, जत्रेच्या नाटकांच्या जाहिराती, शाळेच्या पावत्या, आणि त्या वर्षी सगळ्यांत जास्त पत्रकं. राजभाषा कोणती, कोकणी की मराठी, यावरून गोवा पेटला होता. रस्त्यांवर झाडं आडवी पडत होती, बसगाड्या अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत होत्या. मी मराठीच्या बाजूने होते. अजूनही आहे. त्याबद्दल मला एका ओळीचीही माफी मागायची नाही. माझी चूक निराळी होती.

ओळ भरली

नाताळाच्या आधी मांद्र्याला देवळासमोर सभा झाली. मला पाच मिनिटं दिली होती. मी काय बोलले ते आता आठवत नाही, शेवट तेवढा आठवतो: "मराठीला राजभाषेचा मान मिळेपर्यंत मी भाताचं शीत तोंडात घालणार नाही."

टाळ्या झाल्या. आमच्याकडे भात सोडणं म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. सकाळी पेज, दुपारी शीत आणि हुमण, रात्री पुन्हा तेच. हुमण म्हणजे माशांची आमटी. 'जेवलीस?' याचा अर्थच 'भात खाल्लास?' असा. मागच्या रांगेत बसलेली आई टाळ्या वाजवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात माझंच भाषण मी जुळवायला घेतलं. शेवटच्या ओळीला आले आणि ओळ अपुरी पडली. अर्धी ओळ रिकामी. विठूमामांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ओळ अपुरी पडता गो शालू. कायतरी घाल. शेवट भरलेलो दिसूक होयो."

कोऱ्या खिळ्यांनी जागा भरता आली असती. ते छापले जात नाहीत, कागद तेवढा मोकळा राहतो. पण मी पेटलेली होते. मी खणातून खिळे उचलत गेले, आणि भाताच्या शिताच्या जागी ओळ झाली: 'धान्याचा कण आणि गोडाचा घास शिवणार नाही.' ओळ काठोकाठ भरली. दिसायला सुंदर दिसली.

दुपारपर्यंत चारशे पत्रकं सुटली. संध्याकाळी घरी आले तर आईने माझ्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या केलेल्या. भात नाही तर भाकरी, असा तिचा साधा हिशेब. बाबांनी पत्रक तिच्यासमोर धरलं.

"धान्य म्हटलंय. नाचणी धान्यच."

"ती बोलली तेन्ना शीत म्हणाली."

"छापलंय ते बघ."

आईने भाकऱ्या उचलल्या आणि गाईला घातल्या. गाईने खाल्ल्या. घरातलं शहाणं जनावर तेवढंच.

हलके दिवस

मग मी खायचे काय? बांगडे, तारल्या, सुंगटं, अंडी, खोबरं, पालेभाजी, ताक. बांगडा तळायचा तो रव्याशिवाय, कारण रवाही धान्यच. रव्याशिवाय बांगडा तव्याला चिकटायचा आणि आई उलथन्याने त्याला खरवडताना माझ्याकडे बघायची. सोलकढीत साखरेचा दाणा नाही. पदेर पावाची टोपली घेऊन दारावरून जायचा, त्याच्या सायकलीचा भोंगा वाजला की मी आतल्या खोलीत जाऊन वाचत बसायचे.

पहिले दहा-बारा दिवस मला वाटलं, मी जिंकले. अंग हलकं, डोकं लख्ख, पोलकी सैल. रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, "अजून पाळता गो?" मी मान हलवायची. बाबा शाळेतून येताना कुणाला तरी घेऊनच यायचे आणि त्याला माझ्यासमोर पत्रक वाचून दाखवायचे. त्या दिवसांइतकी उंच मी पुन्हा कधी झाले नाही.

जाळं

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठले तर मानेखाली दोन्ही खांद्यांच्या मध्ये आग. हात पुरेना. आईने पोलकं सैल करून पाहिलं.

"गो बाय, हें किदें तुज्या पाठीर?"

लाल पुटकुळ्या. रात्रीतून उठलेल्या. दोन दिवसांत छातीवर आल्या, मग मानेला. एकेकीचं टोक दुसरीला जोडत गेलं आणि पाठभर जाळं विणलं गेलं. खाज अशी की खिळ्यांच्या खणाच्या कोपऱ्याला मी उभ्याउभ्या पाठ घासायची. जुनी पुटकुळी बसली की तिथे काळसर डाग राहायचा आणि त्याच्या शेजारी नवी यायची.

विठूमामांना शिशाची शंका. "खिळ्यांचें शिसें बाधलां. आठ दिस येव नाका." आठ दिवस गेले नाही. फरक नाही. शेजारच्या काकूने कडुनिंबाचं पाणी सांगितलं, कुणी खोबरेल, कुणी म्हटलं नागीण आहे, तोंडाला शेपूट मिळायच्या आत उतरवून घ्या. गावच्या डॉक्टरांनी दोन मलमं दिली. पुटकुळ्या मलम पिऊन आणखी लाल झाल्या.

आई म्हणाली, "देवाक कौल लावया." आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होकार. आईला विचारायचं होतं, पोरीला नेमातून मोकळी करतोस का.

मी नाही म्हटलं. "नेम देवाला बोललेच नव्हते. लोकांना बोलले. देव कसा सोडवणार?"

"मग लोकांक विचार."

"लोकांना काय विचारू? मला खाज येते म्हणून मराठी सोडू का?"

भात आणि मराठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा त्या घरात आईला एकटीलाच दिसत होतं.

आणखी एक गंमत. माझ्या तोंडाला गोडसर, आंबूस वास येऊ लागला होता. एका संध्याकाळी बाबा जवळ बसले, दोनदा श्वास घेतला आणि हळूच विचारलं, "शालन, कुणी तुला हुर्राक दिली का?" हुर्राक म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. मास्तरांच्या मुलीला हा प्रश्न. मी इतकी हसले की खाज विसरले. मग रडले.

डॉक्टरबाई

खाजवून खाजवून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या आणि ताप भरला. आई मला म्हापशाच्या एका इस्पितळात घेऊन गेली. कातडीच्या डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या, बार्देशी कोकणी बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली पत्रक होतं. आमचं नव्हे, कोकणीवाल्यांचं. मी ते पाहिलं आणि पाठ ताठ करून बसले.

पाठ पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तूं कितें जेवता?"

"सगळं."

"शीत?"

"नाही."

"पाव?"

"नाही."

"साकर, गोड?"

"नाही."

त्या पुढे झुकल्या. "तोंड उगड." वास घेतला. "काजूच्या बोंडाचो वास."

"मी पीत नाही."

"जाणां गो. कुडीक जेवण मेळना तेन्ना ती आपलीच चरब जाळटा. तेन्ना असो वास येता. उपास करपी दोगांतिगांच्या फाटीर हांवें अशेंच पळयलां." अन्न मिळालं नाही की शरीर स्वतःची चरबी जाळतं, आणि उपास करणाऱ्यांच्या पाठीवर त्यांनी असंच जाळं पाहिलं होतं. मग आईकडे वळून, "कितें, वजन उणें करपाक?"

आईने पिशवीतून पत्रक काढून दिलं. ती ते बरोबर घेऊन आली होती, जणू औषधाची चिठ्ठी. डॉक्टरबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. मी उत्तर तयार ठेवलं.

"मराठी बरी बरयता," माझ्या लिहिण्याबद्दल त्या म्हणाल्या. "म्हजो भाव तुमच्या वटेन आसा, हांव ह्या वटेन. पूण आमी दोगांय जेवतांव."

भाऊ मराठीच्या बाजूचा, त्या कोकणीच्या, आणि जेवत दोघंही होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि सांगितलं की गोळ्यांनी कमी होईल, पण शीत खाल्लं नाही तर परत उठेल. तापामुळे मला तिथेच ठेवून घेतलं.

बायकांचा वॉर्ड

वॉर्डात आठ खाटा. सकाळी सहाला झाडूचा आवाज, साडेसहाला थर्मामीटर, सातला पेज. पेजेचं भांडं ट्रॉलीवरून खडखडत यायचं आणि उकड्या तांदळाचा वास माझ्या खाटेपाशी येऊन थांबायचा. मी उशीत तोंड घालायचे. नर्सबाई रोज पेला ठेवायची, रोज तसाच उचलून न्यायची. मग पाठीच्या जखमा पुसायची. तिची बोटं थंड होती. दिवसभरात तेवढा एक सुखाचा वेळ.

शेजारच्या खाटेवर पार्वती. मूळची सावंतवाडीकडची, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा म्हणून डिचोलीला आमोण्यात भाड्याच्या खोलीत राहायची. पायाला गळू झालेलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"तू पेज कित्याक पिणस नाय गो? पोटात दुखता?"

मी सांगितलं. सभा, नेम, पत्रक. ती ऐकत राहिली.

"म्हणजे मराठीसाठी?"

"हो."

"आमी मराठीच शिकलंव. चौथीपर्यंत. घोव ट्रक चालवता तेची चिठ्ठी मीच वाचतंय." ती थोडा वेळ पेज फुंकत राहिली. "तू मेलंस तर पत्रका कोण जुळवतलो?"

त्याच संध्याकाळी बाबा वर्तमानपत्र घेऊन आले. राजभाषेचा कायदा झाला होता. कोकणी राजभाषा. मराठीचाही सरकारी कामात वापर करता येईल. बाबांनी बातमी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने.

"वापर म्हटलंय," ते म्हणाले. "मान नाही म्हटलेलं."

मी खाटेवर बसून होते. माझ्या नेमाला शेवट होता तो त्या वाक्यात संपला. मान कधी मिळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मी आता भात कधी खायचा? पुढच्या वर्षी? दहा वर्षांनी? अख्खा जन्म बांगडा तव्याला चिकटत राहणार होता. आणि पाठ?

बाबा हळूच म्हणाले, "लोक विचारतायत मला. शालन पाळते ना अजून."

तेव्हा आई उठली. माझी आई चारचौघांत नवऱ्याला कधी उलटून बोलली नव्हती.

"तुमी घरोघर कागद वांटले," ती म्हणाली. "चेडवाची पाठ एकदां तरी पळयली?"

आणि तिने माझ्या मानेवरचा पदर बाजूला केला. बाबांना दिसलं ते मानेपासून खांद्यापर्यंतचंच असेल. लाल, काळं, कुठे ओलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मुद्रितं तपासताना बघायचे तसे, ओळीओळीने. मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "शब्द तुझा आहे. मी सोड म्हणणार नाही, धर म्हणणार नाही."

मी म्हटलं, "सोडायचा तर लोकांना सांगून सोडेन. आधी छापीन, वाटीन, मग खाईन. लपून घास घेणार नाही."

"कधी छापतलंस?" पार्वतीने पलीकडून विचारलं. "ताप उतरल्यार? मगे मशिनीर उबा रवाक बळ खंयसून हाडतलंस?"

"पण लोकांना आधी कळायला हवं."

"आमी लोक न्हंय?"

वॉर्डात सगळ्या जणी ऐकत होत्या. कुणी मराठीच्या बाजूची, कुणी कोकणीच्या, कुणी कशाच्याच नाही. मी पत्रकांमध्ये शेकडो वेळा 'जनता' हा शब्द जुळवला होता. ती जनता अशी गळवाला पट्टी बांधून, हातात पेला घेऊन समोर बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी खाटेवरून खाली उतरले. मांद्र्याला बोलले होते तसंच उभं राहून बोलले, फक्त आवाज चढला नाही. "मी मराठीसाठी भात सोडला होता. माझं शरीर तो नेम पेलत नाही. आजपासून मी भात खाणार. मराठीचं काम सोडणार नाही."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पार्वती म्हणाली, "बरा झाला. जेव आता."

आईने डबा उघडला. त्यात पेज होती, वर मिठात मुरलेली कैरी. नंतर कळलं, ती रोजच तो डबा भरून आणत होती आणि रोज संध्याकाळी बसस्टँडवरच्या कुत्र्यांना घालून घरी जात होती. पहिला घोट गरम नव्हता. त्या पेजेची चव मी नंतर खूपदा शोधली, तशी पेज पुन्हा मिळाली नाही.

अपुरी ओळ

गोळ्या आणि शीत, दोन्ही चालू झाल्यावर चार-पाच दिवसांत नवी पुटकुळी उठायची थांबली. खाज गेली. डाग मात्र राहिले, तपकिरी, जाळ्याच्या आकाराचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, महिने लागतील. घरी जाताना त्यांनी आईला सांगितलं, पुढे कधी भात कमी करावा लागला तर विचारून, हळूहळू करा. तेवढीच एक डॉक्टरी गोष्ट मी इथे सांगते आहे.

बळ आल्यावर मी छापखान्यात गेले आणि पत्रक जुळवलं. लहानसं. नेम कुठे बोलले, धान्य आणि गोड हे शब्द मी सभेत बोलले नव्हते, जुळवताना घातले, आजार कसा झाला, भात कधी खाल्ला. बाबा मुद्रित तपासायला आले. घरातलं प्रत्येक पत्रक तेच तपासत. लाल पेन्सील हातात धरून त्यांनी ते वाचलं आणि एक वेलांटी तेवढी सुधारली. शेवटच्या ओळीवर पेन्सील थांबली.

शेवटची ओळ होती: 'मी भात खाते.' पुढे पाऊण ओळ रिकामी.

"ओळ अपुरी पडता गो," विठूमाम म्हणाले. "'तरीही लढा चालू राहील' घाल. बरोबर बसता."

बसत होतं. मी मनात मोजून पाहिलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते पत्रकांच्या ट्रंकेचे मालक, जन्मभर भरलेल्या ओळी वाचलेले.

त्यांनी खणाकडे हात नेला, मूठभर कोरे खिळे उचलले आणि माझ्या हातात दिले.

त्या पत्रकावरून टोमणे बसले. बाजारात कुणी म्हणालं, "मास्तरानु, चेडू जेवलां मगे?" बाबा म्हणाले, "जेवलां. तूं जेवलंस?" उन्हाळ्याच्या शेवटी गोवा राज्य झालं, फटाके वाजले, आम्ही अंगणात बसून ऐकले, आणि आईने त्या दिवशी बांगड्याला भरपूर रवा लावला.

तो छापखाना आता बंद आहे. खिळे वजनावर विकले गेले. विहिरीवरच्या त्या मुलीला मी परवा म्हापशाला घेऊन गेले, डॉक्टरबाई केव्हाच निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी दुसरे आहेत. निघताना तिला ते जुनं, 'मी भात खाते'चं पत्रक दिलं. तिने वाचलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "इथे एवढी जागा मोकळी का सोडलीय?"

मी म्हटलं, "तिथे काही नव्हतं म्हणून."